कागदाची कारवी

मनाली उचगावात पहिल्यांदा आली ती भर दुपारच्या उन्हात. डेकोरेशनवाला आदर्श पुढं मोटरसायकलवर आणि ती त्याच्या मागनं स्कूटीवर. तोंडाला बांधलेली ओढणी सोडत ती क्रांतीच्या फुलांच्या खोलीत आली आणि खुर्ची पुढं केली तरी खालीच, कागदाच्या तुकड्यांत बसली.

"मला गुलाब नकोत," ती म्हणाली. "सगळ्या लग्नांत गुलाबच असतात. मलकापूरवरनं आंबा घाटाकडं जाताना जी फुलं लागतात ना, कारवी, सोनकी, तेरडा, ती मला जेवणाच्या प्रत्येक टेबलावर मधोमध हवीत. मे महिन्यात खरी कुठनं मिळणार? म्हणून कागदाची."

क्रांतीनं स्नेहलकडं बघितलं. दोघींनी आजवर गुलाब, कमळं, जरबेरा ढिगानं केली होती. कारवी कुणी मागितली नव्हती.

"करूया की," स्नेहल म्हणाली.

ती खोली क्रांतीच्या घराच्या पुढच्या अंगाला होती. वर पत्रा, भिंतीला रंगीत क्रेप कागदाच्या गुंडाळ्या, मध्ये एक लांब टेबल. क्रांतीचा नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होता. क्रांती आधी एकटीच फुलं करायची, लग्नाच्या हॉलची, गणपतीच्या मखराची. स्नेहल तिच्याकडं आली ती धंदा शिकायला म्हणून नव्हे. दोघींची गाठ पडली सरकारी दवाखान्यात. क्रांती सासूच्या उशाला बसून असायची आणि शेजारच्या खाटेवर डावा हात प्लॅस्टरमध्ये घालून स्नेहल पडलेली असायची. तिला भेटायला कुणी येत नव्हतं. क्रांतीनं दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन भाकरी जास्त आणायला सुरुवात केली.

स्नेहलला मुरगूडला दिलं होतं. नवऱ्याचं नाव अमरसिंह. माणूस दिसायला उमदा, बोलायला गोड, दारूला शिवत नसे. मारायचा तो पूर्ण शुद्धीत, जेवण झाल्यावर, हात धुऊन, टॉवेलला पुसून. शेजारपाजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून आधी टीव्ही मोठा करायचा. स्नेहलनं एकदा चोरून भावाला फोन केला, मला घेऊन जा म्हणून सांगितलं. तो फोन अमरसिंहानं ऐकला आणि त्या दिवशी तिचा हात दारात घातला. भाऊ आला, पण हात मोडल्यावर, दवाखान्यातनं सोडायच्या दिवशी. पुढं कोर्टात जाऊन सोडचिठ्ठी झाली. मग भाऊच म्हणायला लागला की दुसरं कुणीतरी बघू, घरात किती दिवस बसणार. तेव्हा तिनं पिशवी भरली आणि क्रांतीचं घर गाठलं. मराठ्यांची पोरगी बौद्धांच्या घरात राहती म्हणून भावानं बोलणं टाकलं. स्नेहलला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली होती. सुरुवातीला तिला कैची धरून कागद सरळ कापता यायचा नाही. हळूहळू जमलं. कागद ताणून पाकळीला मधे फुगवटा आणून पोट द्यायला तर ती वाकडी बोटंच बरी पडायची.

कारवीसाठी तिनं निळा आणि जांभळा कागद एकत्र भिजवून रंग उतरवला. सोनकीच्या बारीक पाकळ्या कातरल्या. बांबूच्या लहान परड्यांत खाली वाळलेलं गवत पसरलं, तारेला हिरवी टेप गुंडाळून देठ केले आणि ग्लूगननं गरम गोंद सोडून एकेक देठ बसवला. नमुन्याची परडी तयार झाली तेव्हा मनाली परत आली. परडी बघून ती परत खालीच बसली आणि एकेका पाकळीला बोट लावून बघायला लागली.

"ताई, धरा ना जरा. मी फोटो काढते," ती म्हणाली. "मी त्यांना पाठवते. ते म्हणाले होते, कागदाची फुलं काय शोभणार."

स्नेहलनं परडी दोन्ही हातांनी उचलून धरली. नवऱ्यामुलाचं नाव विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. आदर्श पत्रिका आणून देणार होता, ती अजून यायची होती.

दुसऱ्या दिवशी क्रांती लक्ष्मीपुरीच्या बाजारात कागद आणायला गेली. स्नेहल एकटीच होती. दारात सावली पडली. तिनं मान वर न करताच म्हटलं, "पावणं, चपला बाहेर काढा. कागदाला माती लागती."

"पावणं म्हणतीस व्हय मला?"

कैची तिच्या हातातनं टेबलावर पडली. अमरसिंह आत आला, बुटांसकट. थोडा जाड झाला होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, मनगटावर नवं घड्याळ. त्यानं आजूबाजूला सावकाश नजर फिरवली, एखादं घर विकत घ्यायला आल्यासारखी.

"काल मनालीनं फोटो पाठवला," तो म्हणाला. "फुलं मला नंतर दिसली. आधी हात दिसला. म्हटलं, हे तर माझंच काम हाय की."

स्नेहल मागं सरकत भिंतीतल्या लोखंडी रॅकला टेकली. तो टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आला आणि तिचा डावा हात त्यानं हातात घेतला, डॉक्टर बघतो तसा.

"मी त्यांच्या घरात सांगितलंय, पहिली बायको डोक्यानं बरी नव्हती. हात तिनं स्वतःच दारात घातला. आता तू मधी तोंड घालू नकोस. पोरगी चांगली हाय, बँकेत नोकरी हाय, घर चांगलं हाय. माझं सगळं बस्तान बसायलंय." बोलता बोलता तो तिची वाकडी बोटं उलटी दाबत होता. सांध्यातनं कट्ट आवाज आला आणि स्नेहलच्या तोंडून कुत्र्याच्या पिलासारखं काहीतरी निघालं. "बोललीस तर राहिलेली बोटं पण अशीच करीन. आणि ती जिनं तुला घरात घेतलीय ना, तिचं घर जाळीन."

त्यानं हात सोडला. बाहेर जाताना परडीवर टिचकी मारून म्हणाला, "फुलं मात्र झकास झालीत. सगळी येळेत दे."

क्रांती आली तेव्हा स्नेहल मोरीत नळाखाली हात धरून बसली होती. काय झालं ते ऐकल्यावर क्रांतीनं कागदाचं बंडल कोपऱ्यात फेकलं. "चल पोलिसात. आत्ताच्या आत्ता. मी येतो तुझ्यासंगं."

"आधी त्या पोरीला सांगायचं."

"पोरीला काय सांगतीस? आर्डर परत कर. आपला संबंध न्हाय."

"क्रांती, त्यो तिला पण मारणार. आज न्हाय, लग्नानंतर. जेवल्यावर."

क्रांतीनं स्नेहलच्या बोटांना तेल लावलं, फडकं गुंडाळलं, आणि त्या दिवसापासून टेबलाखाली लोखंडी गज ठेवला. फौंड्रीतनं नवऱ्यानं आणलेला, हातभर लांबीचा.

स्नेहलनं मनालीला फोन केला. ती बँकेत होती, मागं गर्दीचा आवाज होता. "ताई, रविवारी पप्पांना घेऊन येणारच आहे मी, सगळ्या परड्या बघायला. तेव्हा बोलू." मग स्नेहल रविवारपर्यंत काम करत राहिली. क्रांती म्हणायची, कशाला मरतीस त्यासाठी? पण हात चालू असला की डोकं जरा थांबायचं. खोलीभर निळ्या-पिवळ्या परड्या झाल्या. रस्त्यानं गाडी थांबली की दोघी दचकायच्या.

रविवारी मनालीचे वडील गणपतराव आले. उंच, ताठ माणूस. मलकापुरात त्यांचं दूध संकलन होतं, लोक त्यांना मानत. परड्या बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा! घाटच आणून ठेवलाय की. जावईबापू पण येणार हाईत बघायला, मागनं येतील."

ते ऐकलं आणि स्नेहलनं ठरवलं, आत्ताच. क्रांती टेबलापाशीच उभी होती. स्नेहलनं मनालीला समोर बसवलं, हातावरचं फडकं सोडलं आणि सगळं सांगितलं. मी अमरसिंहाची पहिली बायको. तो परवा इथं आला होता. काय बोलला, काय केलं.

मनालीच्या हातातली परडी मांडीवर घसरली. तिनं वडिलांकडं बघितलं. गणपतराव खिडकीबाहेर बघत होते.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "हे मला ठावं हाय."

"पप्पा?"

"मुरगूडला चौकशी केली तवाच कानावर आलं. तरणा होता, डोकं गरम होतं. आता निवळलाय. दुसऱ्याच्या संसारात काय झालं ते उकरून काढायचं का आपण? पत्रिका वाटून झाल्यात."

"तुम्हाला माहीत होतं आणि मला सांगितलं नाही."

"तुला सांगून तू काय केलं असतंस? न्हाई म्हणाली असतीस."

मनाली स्नेहलकडं वळली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ताई, दारात बोटं... त्यांनी धरून घातली?"

"एका हातानं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं दार लावलं," स्नेहल म्हणाली. "पहिल्यांदा नीट सापडली न्हाईत. म्हणून परत उघडलं आणि परत लावलं."

गणपतराव तोंड पुसत दाराशी गेले. बाहेर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

अमरसिंह हसतच आत आला. "मामा, लवकर आलासा?" मग त्यानं तिघींचे चेहरे बघितले आणि हसू जाग्यावर गोठलं.

मनाली उठून उभी राहिली. "हे लग्न होणार नाही," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला नाही. त्यानं बघितलं ते स्नेहलकडं. स्नेहलनं ती नजर ओळखली. मुरगूडच्या घरात टीव्हीचा आवाज वाढवताना तो असाच बघायचा. त्यानं लाथ मारून टेबल उलथलं. परड्या भिंतीवर आपटल्या, तारा सुटल्या, निळे-पिवळे कागद फरशीभर पसरले. दोन ढांगांत तो स्नेहलपर्यंत पोचला, तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं भिंतीतल्या लोखंडी रॅकवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिच्या कपाळातनं रक्त उडून त्याच्या शर्टावर पडलं.

"सांगितलं होतं का न्हाई तुला? सांगितलं होतं का?"

क्रांती गज घेऊन धावली. तिनं त्याच्या पाठीत घातला, पण तो ताकदीचा. वळून त्यानं गज हिसकला आणि तोच तिच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. क्रांती भिंतीला टेकून खाली बसली. तो तिला जातीवरनं शिव्या देत होता, एकापाठोपाठ एक, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा.

"सोडा त्यांना!" मनालीनं मागून त्याचा शर्ट धरला. त्यानं न बघताच उलट्या हाताची ठेवून दिली. ती मोडलेल्या परड्यांवर पडली. ओठ फाटला, तोंडात हात घातला तर हातात दाताचा तुकडा आला. ती तो तुकडा बघत तशीच बसून राहिली.

"अहो... अहो अमरसिंह," गणपतराव दारात म्हणाले. हात पुढं केला होता, पण पाय उंबऱ्यावरनं हलले नाहीत. मनालीनं मान वळवून वडिलांना बघितलं. तिनं ते आयुष्यभर विसरायचं नाही असं त्याच क्षणी ठरवलं, असं तिनं पुढं स्नेहलला सांगितलं.

अमरसिंहानं गज टाकला आणि परत स्नेहलकडं वळला. त्यानं तिचा गळा धरला, तिला फरशीवर दाबलं आणि गुडघा छातीवर ठेवला. स्नेहलच्या डोळ्यांपुढं काळोख यायला लागला. तिचा उजवा हात फरशीवर काहीतरी शोधत होता, काय ते तिलाही माहीत नव्हतं. हाताला वायर लागली. वायर ओढली तशी ग्लूगन जवळ आली. सकाळपासून ती चालू होती, बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तोंडाला उकळता गोंद लोंबत होता.

तिनं ग्लूगनचं तोंड त्याच्या डाव्या डोळ्याखाली टेकवलं आणि खटका दाबला.

तो असा ओरडला की समोरच्या दुकानातला माणूस उठून रस्त्यावर आला. गोंद गालावरनं डोळ्यात उतरला. तो दोन्ही हातांनी ओरबाडून काढायला गेला आणि गोंदाबरोबर कातडीही निघून आली. तो कलंडला, गुडघ्यांवर रांगायला लागला, एक हात तोंडावर आणि एक हात फरशीवर.

स्नेहल उठली. श्वास घेताना तिच्या गळ्यातनं शिट्टीसारखा आवाज येत होता. दार तिथंच होतं, उघडं. ती जाऊ शकत होती. तिनं गज उचलला आणि फरशीवर टेकलेल्या त्या हातावर घातला. घड्याळ फुटलं. तिनं परत घातला. मग परत. तो हात ओढून घ्यायला बघत होता आणि ती त्याच्या मागं जात होती, वाकून, शेतातला साप मारावा तशी. बोटं कुठली आणि मनगट कुठलं हे कळेनासं झालं तरी ती थांबली नाही. मग तिनं गज डोक्याच्या वर नेला. आता हातावर नव्हे.

क्रांतीनं एका हातानं तिला मागून मिठी मारली. दुसरा हात लुळा लोंबत होता. "स्नेहल! बास! मरंल त्यो. मेला तर तू आत जाशील. बास की गं!"

"मरू दे."

"न्हाय. सोड. ए मनाली, काढ तिच्या हातातला गज!"

मनाली उठली. तिनं गज घेतला, पण लगेच खाली ठेवला नाही. थोडा वेळ ती तो तोलून बघत उभी होती आणि खाली अमरसिंह कण्हत होता. मग तिनं तो खिडकीतनं बाहेर फेकला.

पुढं पोलीस आले, रुग्णवाहिका आली, रस्ता माणसांनी भरला. अमरसिंहाचा डोळा गेला. उजव्या हाताची बोटं डॉक्टरांनी कशीबशी जुळवली. त्याच्या घरच्यांनी फिर्याद दिली की पहिल्या बायकोनं डूख धरून, डाव रचून मारलं. स्नेहलला कपाळाला टाके घालून कोठडीत नेलं. जामीन मिळेपर्यंत ती आतच होती. एका हवालदारीणबाईनं तिला विचारलं, घाबरली न्हाईस का? स्नेहलनं विचार करून सांगितलं की घाबरायचं त्याच दिवशी संपलं, आता फक्त झोप येत नाही. डोळे मिटले की गजाचा तो आवाज यायचा. वाईट म्हणजे त्या आवाजानं तिला बरं वाटायचं, आणि त्याचीच तिला भीती वाटायची.

गणपतरावांनी जबाब दिला की मी बाहेर होतो, मी काही पाहिलं नाही.

मनालीनं मात्र सगळं सांगितलं. पहिला हात कुणी उचलला, क्रांतीला कुठल्या शिव्या दिल्या, गळा कुणी धरला होता. फुटका ओठ घेऊन ती पोलीस ठाण्यात दुपारभर बसली. वडिलांचे फोनवर फोन येत होते. शेवटी तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला. त्यानंतर ती मलकापूरला गेली नाही. आई अधूनमधून बहिणीच्या फोनवरनं तिच्याशी बोलायची, चोरून. क्रांतीच्या फिर्यादीवर अमरसिंहावर वेगळा गुन्हा दाखल झाला. मुरगूडची माणसं मिटवायचं म्हणून दोनदा क्रांतीच्या दारात आली. दोन्ही वेळेला तिच्या नवऱ्यानं त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून परत पाठवलं.

अमरसिंहावरचा खटला उभा राहायला बराच काळ गेला. साक्षीच्या दिवशी तिघी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. क्रांतीचा खांदा अजून पुरता वर जात नव्हता. मनालीनं दात बसवून घेतला होता. पलीकडच्या टोकाला काळा चष्मा लावून अमरसिंह बसला होता, शेजारी त्याचा भाऊ. तो इकडं बघत नव्हता. स्नेहलनं मात्र त्याच्याकडं एकदा नीट बघून घेतलं.

"ताई," मनालीनं हळूच विचारलं, "क्रांतीताईंनी धरलं नसतं तर तुम्ही थांबला असता का?"

समोरून एक वकील कागद चाळत गेला.

"न्हाय," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं." मनालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला तेव्हा वाटत होतं, तुम्ही थांबू नये. गज माझ्या हातात आला तेव्हा तर... हे आत विचारलं तर काय सांगू?"

"विचारलं तर खरं सांग."

"ए बायांनो," क्रांती दबक्या आवाजात ओरडली, "वकिलानं सांगितलंय तेवढंच बोला. खरं-खोटं घरी जाऊन करू."

मनालीला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात धरला. स्नेहलही हसली. पलीकडच्या बाकावरनं अमरसिंहाच्या भावानं मान वळवून बघितलं. तेवढ्यात शिपाई दारात आला आणि त्यानं मोठ्यानं मनालीचं नाव पुकारलं. ती उठली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि आत गेली. मागनं अमरसिंहही आत गेला आणि दार बंद झालं. बाकावर दोघी आत काय चाललंय ते ऐकायचा प्रयत्न करत बसल्या, पण व्हरांड्यात गर्दी फार होती, काहीच ऐकू येत नव्हतं.